शेजारच्या सीटवरून दिलेले सल्ले

३ मार्च, सोमवार

आज आमच्या कन्येने नोंदणी कार्यालयात सह्या करून एका परदेशी सुताराशी लग्न केलं. सगळा कार्यक्रम अकरा मिनिटांचा. माझ्याकडे गाडी चालवण्याची साधी परीक्षा द्यायला चाळीस मिनिटं लागतात आणि तरी दहातले सहा जण नापास होतात. इथे जन्माचा प्रश्न, आणि कुणी त्या माणसाला साधं उलटं पार्किंगसुद्धा करून दाखवायला सांगितलं नाही.

एकतीस वर्षं मी वाहन परीक्षक आहे. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, पेन्सिल हातात धरायची, तोंड बंद ठेवायचं आणि चुका मोजायच्या. ही वहीसुद्धा ऑफिसचीच. प्रत्येक पानावर वर 'उमेदवाराचे दोष' असं छापलंय. छपाई वाकडी झाली म्हणून टाकून देणार होते. मुलीला तोंडी चार गोष्टी सांगायला जावं तर ती कानात वायरी घालून बसते. म्हटलं, परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्यांसाठी सल्ले लिहूनच ठेवावेत. आज ना उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

सल्ला पहिला: करू नका.

सल्ला दुसरा: केलंच असेल, तर जावयाला घरी आणण्यापूर्वी जेवणाचे नियम शिकवा. हिने (ही म्हणजे माझी बायको, ही वही कुणाच्या हाती लागली तर घोळ नको) दारातच त्याला विचारलं, "जेवणार ना?" तर तो म्हणाला, "हो, मला खूप भूक लागली आहे. धन्यवाद." अरे! दोनदा नको म्हणावं, तिसऱ्यांदा आढेवेढे घेत ताट पुढे ओढावं, एवढीशी गोष्ट. ह्या गड्याने पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर दिलं. हिला त्याचं कोण कौतुक! मला मेलीने इतक्या वर्षांत असं हसून कधी वाढलं नाही.

५ मार्च, बुधवार

त्याचा कायमच्या राहण्याचा परवाना येईपर्यंत दोघं आमच्या मागच्या खोलीत राहणार. त्याची एक जुनी छोटी व्हॅन आहे, तीत करवती, रंधे आणि फळ्या. घरासमोर ती उभी असते. शेजारी विचारतात, काम काढलंय का? मी हो म्हणतो.

आपली भाषा तो दीड वर्षात शिकलाय, त्यामुळे प्रत्येक शब्द धुऊनपुसून टेबलावर ठेवावा तसा बोलतो. मांजरालासुद्धा 'आपण बाजूला होता का' म्हणतो. मीठ दिलं तरी धन्यवाद, दार उघडलं तरी धन्यवाद. मी दिवसभरात त्याचे सतरा धन्यवाद मोजले आणि मग कंटाळलो.

ताईचा फोन आला. ताई माझी मोठी बहीण, तिला जगातलं सगळं कळतं. म्हणाली, "बाहेरच्या देशातले लोक घरात काही ना काही मोडत असतात, लक्ष ठेव." संध्याकाळी बघतो तर ह्याने खरंच स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ उखडलं होतं. मी ओरडणार तेवढ्यात कळलं की ते एक हात खाली आणून पुन्हा बसवलंय. का, तर म्हणे हिचा हात पोचत नव्हता, रोज स्टुलावर चढावं लागायचं. बावीस वर्षं ह्या घरात राहतोय, मला कधी स्टूल दिसलं नाही. आता मला मात्र त्याचा कोपरा कपाळावर लागला. ताईचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

८ मार्च, शनिवार

ताई जेवायला आली होती. जावयाची ओळख करून द्यायची म्हणून मी माझा तो किस्सा सांगितला. लग्नात, बारशात, कुणाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात, जिथे जाईन तिथे लोक तो सांगायला लावतात. (लावत नसले तरी मी सांगतो.)

बावीस वर्षांपूर्वी हिला गाडी शिकायची हौस आली. शिकली. परीक्षेची वेळ आली. नात्यातल्या माणसाची परीक्षा आपण घ्यायची नसते, म्हणून मी ऑफिसातल्या माझ्या जोडीदार परीक्षकाकडे दिली आणि त्याला बजावलं, "माझी बायको म्हणून सूट देऊ नकोस हं." बाईसाहेब मोठ्या चौकात जाऊन थांबल्या त्या थांबल्याच. एक मिनिट वीस सेकंद! मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा गोंगाट, आणि ही आपली उभी. जोडीदाराने केलं नापास. मी हिला घरी आल्यावर विचारलं, "काय गं, चौकात घर बांधायला घेतलं होतंस का?"

ताई नेहमीसारखी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कन्या ताटाकडे बघत बसली. जावईपाहुणा हसला नाही. विनोद कळायला भाषा पुरत नसेल म्हणून मी 'घर बांधायला' पुन्हा सांगितलं, तसा तो म्हणाला, "मला समजलं. मग आईंनी परत परीक्षा का दिली नाही?"

मी म्हटलं, "हिला हौसच राहिली नाही."

तो हिच्याकडे वळून म्हणाला, "खरं?" ही पाणी आणायला आत गेली. तांब्या भरलेला होता.

सल्ला: परदेशी माणसाला विनोदाची जाण नसते. त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा ठेवू नये.

१४ मार्च, शुक्रवार

परवान्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. सत्तावीस तारखेला दोघांची मुलाखत. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात आणि एकमेकांविषयी प्रश्न विचारतात. उत्तरं जुळली तर लग्न खरं, नाही तर कागदापुरतं. त्याची इथे राहण्याची मुदत तीस एप्रिलला संपते. परवाना नाकारला, तर त्याला त्या दिवशी देश सोडावा लागेल.

खरं सांगायचं तर पत्र वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं, प्रश्न परस्पर सुटेल.

हिने तो माझ्या तोंडावर वाचला असावा. भांडी पुसता पुसता म्हणाली, "तो गेला तर तीही जाईल. तिने मला सांगितलंय. आणि तिथून वर्षा-दोन वर्षांतून एकदा येईल, तेही जमलं तर."

मी म्हटलं, "कशाला जाईल? वेडी आहे का?"

"मी नव्हते का आले," ही म्हणाली, "तुमच्या घरी."

ती आली होती चार तासांवरून. त्याचा इथे काय संबंध? पण एकुलती एक पोर. घरात तिच्या चपलांचा नुसता पसारा असतो, मी रोज ओरडतो. त्या जागी फरशी दिसली तर मी काय करू?

तेव्हा ठरलं. परीक्षा आहे ना? मग तयारी मी करून घेतो. परीक्षेत माणसं कशी नापास होतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

१७ मार्च, सोमवार

शिकवणी सुरू. मी शंभर प्रश्नांची यादी केली. पत्नीचा दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा? पती कुठल्या कुशीवर झोपतो? पहिली भेट कुठे? उत्तर द्यायची पद्धतही घालून दिली: आधी विषय सांगायचा, मग उत्तर तीन मुद्द्यांत, मग थांबायचं. फाफटपसारा नको.

पाहुणा म्हणाला, "पण मला ती माहीत आहे. यादी कशाला?"

"माहीत असणं आणि पास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," मी म्हटलं. हे वाक्य मी एकतीस वर्षं म्हणतोय आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लग्नानंतर पोरगी मायाळू झाली आहे. पूर्वी माझ्या नोकरीचं नाव काढलं की जांभई द्यायची. आता रोज सकाळी विचारते, "बाबा, आज कुठल्या रस्त्यांवर परीक्षा आहेत? किती वाजेपर्यंत?" मी रोज नीट सांगतो. शाळेच्या मागचा रस्ता, मग मोठा चौक, मग पूल. ती लक्ष देऊन ऐकते, परवा तर लिहूनही घेतलं. उशिरा का होईना, बापाच्या कामाची किंमत कळली.

ही आणि पाहुणा रोज नऊला व्हॅनने बाजारात जातात. दीड तासाने येतात आणि आणतात काय, तर दोन कांदे. हिला भाजी निवडायला पहिल्यापासून वेळ लागतो, त्यात त्याला प्रत्येक भाजीचं नाव सांगत बसत असेल. त्या माणसाला सहनशक्ती आहे, एवढं नक्की.

सोफ्यावरची निळी उशी सापडत नाही. विचारलं तर कुणाला माहीत नाही. ताई म्हणालीच होती.

२० मार्च, गुरुवार

आज रस्त्यात आडवी आली म्हणून त्याची व्हॅन मी मागे घ्यायला बसलो, तर गुडघे थेट स्टिअरिंगवर आपटले. सीट इतकी पुढे ओढलेली! सहा फुटांचा माणूस छाती स्टिअरिंगला लावून गाडी चालवतो. आरसेही सगळे खाली वळवलेले. त्यांच्या देशात असंच शिकवत असतील. मी त्याला बसण्याच्या पद्धतीवर चांगलं खडसावलं. तो लालबुंद झाला आणि म्हणाला, "धन्यवाद. काळजी घेईन."

जेवताना हिने एकदम विचारलं, "अहो, क्लच पटकन सोडला की गाडी धक्का का देते?" घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी शास्त्रीय प्रश्न विचारला. मी पाऊण तास समजावून सांगितलं, चमच्याने आणि ताटलीने करून दाखवलं. ही डोळे मोठे करून ऐकत होती. बायकांना अशा गोष्टी नुसत्या ऐकायला आवडतात.

मग शिकवणी. आज पाहुणा म्हणाला, "बाबा, एकदा तुम्ही उत्तरं देऊन दाखवाल का? आईंविषयी. म्हणजे आम्हाला कळेल."

मी म्हटलं, जरूर. सव्वीस, नाही, एकोणतीस वर्षांचा संसार आहे. आता शिका जरा.

वीस प्रश्न. हिला आतल्या खोलीत बसवून तिच्याकडून आधी उत्तरं लिहून घेतली होती. ब्रशचा रंग: मी गुलाबी म्हटलं, निळा निघाला. चहात साखर किती: मी दोन चमचे म्हटलं. हिने साखर सोडून सहा वर्षं झाली म्हणे! मग रोज माझ्या समोर बसून पिते काय? लहानपणीची जवळची मैत्रीण: मी जिचं नाव सांगितलं ती माझ्या आत्याची मुलगी निघाली. प्रश्न चौदावा: तिला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? मी ठणकावून सांगितलं, झुरळाची.

वीसपैकी तीन. मग हिची पाळी, माझ्याविषयी. वीसपैकी वीस. डाव्या पायाच्या चपलेचा अंगठा आधी झिजतो इथपर्यंत.

मी म्हटलं, चौदाव्याचं उत्तर तरी दाखवा, झुरळ नाही तर काय? पाहुण्याने कागद हिच्याकडे दिला. हिने त्याची घडी केली आणि म्हणाली, "ते राहू द्या."

सल्ला: शिकवणाऱ्याची परीक्षा घेऊ नये. त्याने शिस्त बिघडते.

२७ मार्च, गुरुवार

नापास.

म्हणजे अगदी नापास नाही. 'निर्णय राखून ठेवला आहे.' पण मला ही भाषा कळते, मीच ती लोकांना ऐकवतो.

झालं असं. अधिकारी बाईंनी पोरीला विचारलं, तुमची पहिली भेट कशी झाली? पोरगी ताठ बसून म्हणाली, "विषय: पहिली भेट. मुद्दा एक." बाईंनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या खोलीत त्याला तोच प्रश्न. तो म्हणाला, "विषय: पहिली भेट. मुद्दा एक." ब्रशबद्दल विचारलं, तर दोघांनीही अक्षरशः एकच वाक्य म्हटलं: "ब्रश हिरवा असून मध्यम कडक आहे." बाईंनी दोघांना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? दोघंही, अर्थातच वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणाली, "बाबांनी."

एवढं एकच उत्तर पाठ न करता जुळलं.

माझी मलाच लाज वाटते. घोकून आलेला उमेदवार मी पहिल्या वळणावर ओळखतो. आरसा बघायचा म्हणून मान वळवतो, पण आरशात बघत नाही. अशांना मी एकतीस वर्षं घरी पाठवतोय. आणि माझ्याच पोरीला मी तसं बनवून पाठवलं.

पत्रात लिहिलंय: दहा एप्रिलला पुन्हा हजर राहावे, सोबत 'उत्तरे शिकवणाऱ्या व्यक्तीस' आणावे. ही शेवटची संधी.

घरी कुणी मला बोललं नाही. ही नुसती म्हणाली, "चहा घ्या." बोलली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

मागच्या खोलीत भांडण. लग्नाला महिना झाला आणि आवाज चढले. मी कान लावले नाहीत, पण कपडे वाळत घालायला नेमका खिडकीशी होतो. त्याचा आवाज: "लपवणं बरोबर नाही. सांगून टाकू." तिचा आवाज: "तुला माहीत नाही ते काय करतील. मी लहानपणापासून बघतेय."

मी थिजलो. काय लपवतात? त्याची तिकडे आधीची बायको आहे का? हिला जाऊन सांगितलं. ही कणीक मळता मळता थांबली, मग म्हणाली, "असेल काहीतरी त्यांचं. तुम्ही लक्ष नका देऊ." हिच्या डाव्या पायाला हल्ली काहीतरी होतं, उभ्या उभ्या सारखा खाली दाबत असते आणि हळूच उचलते. डॉक्टरला दाखव म्हटलं तर हसली.

रात्री झोप नाही. दोन वेगळ्या देशांतली माणसं, एक दिवस हे होणारच होतं, असं म्हणत होतो, आणि त्याच वेळी देवाला सांगत होतो, मिटू दे रे बाबा यांचं भांडण, पोरीला जाऊ देऊ नकोस.

१० एप्रिल, गुरुवार

सगळं नीट लिहितो. आज पेन्सिलीला टोक काढून घेतलंय.

कार्यालयातला तो लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, एक आजारी झाड कुंडीत. आधी पोरगी आत गेली, मग तो. ही माझ्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तासाभराने माझं नाव पुकारलं.

अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. समोर यादी नव्हती. म्हणाल्या, "तुम्ही परीक्षक. मग खरं तेवढंच सांगा. तुमच्या पत्नीला गाडी चालवता येते?"

हा काय प्रश्न झाला? पण विषय माझा होता. मी म्हटलं, "नाही. बावीस वर्षांपूर्वी नापास झाली. चौकात एक मिनिट वीस सेकंद..." आणि सवयीने पूर्ण किस्सा सांगितला. घर बांधण्यासकट. बाई हसल्या नाहीत.

"आणि गेल्या महिन्याभरात? शिकत असतील?"

"मॅडम, माझ्या घरात कुणी गाडी शिकत असेल तर मला कळणार नाही का? माझं कामच ते आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "सकाळी नऊला त्या कुठे असतात?"

"बाजारात. जावयाबरोबर."

"किती वेळ?"

"दीड तास."

"आणतात काय?"

मी तोंड उघडलं. दोन कांदे, असं म्हणणार होतो. आणि मला सोफ्यावरची निळी उशी आठवली. मग सीट आठवली. तोंड तसंच उघडं राहिलं असणार, कारण बाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

मला वाटलं, बुडवलं. मी नाही म्हणालो, ते हो म्हणाले असणार. उत्तर जुळलं नाही. पोरगी गेली. माझ्यामुळे गेली. मी हात जोडले आणि म्हटलं, "मॅडम, मला माहीत नव्हतं हो. माझी चूक त्यांच्या नावावर घालू नका."

त्या म्हणाल्या, "मी दोघांना आज एकच विचारलं, तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? तो म्हणाला, आईंना मी गाडी शिकवतो, ते बाबांपासून लपवायला नको, यावरून. तो म्हणाला, बाबा वाईट नाहीत, त्यांना फक्त शेजारी बसून चुका मोजायची सवय आहे. मुलगी म्हणाली, बाबांना कळलं तर ते चारचौघांत हसतील, आईने बावीस वर्षं ते ऐकलंय, आता पुन्हा ऐकायला लागलं तर ती गाडीला हात लावणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "असं भांडण कुणी पाठ करून येत नाही. मला एवढंच बघायचं होतं की हेही तुम्हीच शिकवलंय का. पण तुम्हाला तर काही पत्ताच नाही."

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी माझ्या पोरीच्या कामाला आलो तो असा. मला काही पत्ता नव्हता म्हणून.

दोन तासांनी खिडकीवर परवान्याचा कागद मिळाला. पोरगी रडली, तो रडला आणि खिडकीतल्या माणसाला तीनदा धन्यवाद म्हणाला. मग त्याने व्हॅनची किल्ली काढली, पण डोळे पुसता पुसता ती खाली पाडली. ही म्हणाली, "आण इकडे." पर्समधून शिकाऊ परवाना काढला, पलीकडच्या गावच्या कार्यालयातून काढून आणलेला. व्हॅनच्या मागच्या दारातून निळी उशी काढली. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि बसली.

शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानाधारक लागतो. पाहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही." आणि पोरीला घेऊन मागे फळ्यांवर जाऊन बसला.

मी शेजारी बसलो. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. हिने समोर बघतच म्हटलं, "ती आत ठेवा." ठेवली.

गाडी धक्का न देता निघाली. आरसा बघताना ही खरंच आरशात बघते. मोठा चौक आला. ही थांबली. समोर रस्ता मोकळा वाटत होता, मागच्याने भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने. 'निघायला हरकत नव्हती' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. तेवढ्यात उभ्या बसच्या पुढून एक म्हातारी पिशवी सांभाळत, पाय ओढत रस्त्यात आली. मला ती दिसलीच नव्हती. हिला दिसली होती. म्हातारी पलीकडे पोचेपर्यंत ही तशीच थांबली, भोंग्यांकडे लक्ष न देता. तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. गाड्यांमुळे नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण मी काय म्हणतो याची वाट बघत होती.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहितो. बावीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मी हिचा परीक्षेचा कागद पाहिला होता. दोष एकच लिहिलेला: अतिसावध. त्यावर कुणाला नापास करता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी इतकं बजावलं होतं की जोडीदार बिचारा घाबरला. मी एक शब्द टाकला असता तर निकाल बदलला असता. नाही टाकला. किस्सा चांगला झाला होता, आणि त्यात मी फार प्रामाणिक दिसत होतो.

चौकातच सांगितलं तिला. म्हटलं, "अगं, त्या दिवशी तू पास होतीस. मला माहीत होतं. चुकलं माझं."

हिने गिअर टाकला आणि गाडी काढली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मलाही माहीत होतं. तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

मागे फळ्यांवर दोघं इतकी चिडीचूप की त्यांना आधीच सगळं ठाऊक असणार.

घरी आलो. पोरीच्या चपला दाराशी अस्ताव्यस्त पडल्या. मी ओरडलो नाही, म्हणून तिने मला विचारलं, बरं वाटत नाही का?

राहिलेलं एक काम. प्रश्न चौदावा: तिला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? उत्तर: मी हसेन याची. हिला कागद दाखवायला सांगितलं नाही, पण हे बरोबर आहे. वीसपैकी चार.

परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्यांसाठी आणखी सल्ले सुचत नाहीत. उद्या सकाळी नऊला बाजारात जायचंय, मी रजा टाकली आहे. मला मागे फळ्यांवर बसायची परवानगी मिळालीय, बोलायची नाही.